लीग टूचा एक वर्षाचा करार, की नोकरी सांभाळून नॉन-लीग?

इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांची ‘रिटेन्ड लिस्ट’ मे महिन्याच्या आसपास लागते. कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं, त्याची ही यादी. करार 30 जूनला संपतात, म्हणजे सोडलेल्या पोराच्या हातात काही आठवडेच उरतात. वय 19-20, लहानपणापासूनची सगळी वर्षं अकॅडमीत गेलेली, आणि आता समोर दोन रस्ते. एक, प्रीमियर लीग पहिली धरली तर चौथ्या पायरीवरच्या लीग टूमधल्या क्लबचा वर्षभराचा पूर्णवेळ करार. दुसरा, नॉन-लीग, म्हणजे पाचव्या पायरीपासून खालचं फुटबॉल: सहाव्या पायरीवरच्या नॅशनल लीग नॉर्थ किंवा साउथमधला अर्धवेळ क्लब आणि जोडीला नोकरी किंवा पदवीचं शिक्षण. हा निर्णय ज्या घरात येऊन ठेपलाय, पण आईवडिलांना फुटबॉलची ही खालची दुनिया अनोळखी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. विसाव्या वर्षी पायरीपेक्षा सामने महत्त्वाचे. लीग टूचा क्लब खरोखर खेळवणार असेल तर तिकडं जावं. नुसतं नाव आणि ट्रॅकसूट मिळणार असेल तर खाली उतरावं आणि दर शनिवारी 90 मिनिटं खेळावं.

पैसा

प्रीमियर लीगचे आकडे डोक्यातून काढून टाका. 2020 च्या ऑगस्टमध्ये लीग टूच्या क्लबांनी खेळाडूंवरच्या वार्षिक खर्चाला 15 लाख पौंडांची मर्यादा घालून घेतली होती. खेळाडूंची संघटना पीएफए लवादाकडे गेली आणि 2021 च्या फेब्रुवारीत ती मर्यादा रद्द झाली, पण या पातळीवर पैसा किती आहे याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो. 15 लाख 25 जणांत वाटले तर माणशी 60 हजार, म्हणजे आठवड्याला साधारण 1,150 पौंड. त्यातही तीस वर्षांचा अनुभवी सेंटर-हाफ (मधला बचावपटू) मोठा वाटा नेतो. पहिल्याच करारावरच्या 19 वर्षांच्या मुलाला यातला छोटा तुकडा मिळतो. घरभाडं, गाडी, विमा जाऊन हातात फार राहत नाही.

अर्धवेळ क्लबात मूळ रक्कम कमी, आठवड्याला काहीशे पौंड, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त हंगामापुरती. पण तिच्या शेजारी दुसरा पगार उभा असतो. समजा एखादा इलेक्ट्रिशियन वर्षाला 35 हजार पौंड कमावतो आणि 42 आठवडे क्लबकडून 400 पौंड घेतो. बेरीज होते जवळपास 52 हजार. लीग टूमध्ये आठवड्याला 1,000 पौंड घेणाऱ्याचं वर्षही 52 हजारांवरच येतं. फरक पुढे दिसतो: पहिल्याचा धंदा पस्तिशीनंतर वाढत जातो, दुसऱ्याचा त्याच सुमारास संपतो.

हा हिशेब विसाव्या वर्षी मात्र मी लावणार नाही. तेव्हा मुलाकडे ना इलेक्ट्रिशियनचा परवाना असतो, ना पदवी. शिवाय लीग टूच्या करारात एक गोष्ट येते जी पैशात मोजता येत नाही: पीएफएचं सदस्यत्व. ही संघटना 1907 ची आहे. खेळ सोडल्यावरही तिच्याकडून शिक्षणाला मदत मिळते. सॅल्फर्ड विद्यापीठातून फिजिओथेरपीची पदवी घेतलेले कितीतरी माजी खेळाडू आज क्लबांत काम करतात, ते याच वाटेनं. एक वर्षाचा करार घेऊन पुढे सोडून दिलं गेलं, तरी हे दार उघडं राहतं. लीग टूच्या बाजूनं मला हा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो, आणि घरात यावर फारशी चर्चा होत नाही.

खेळायला मिळणार का?

लीग टूमध्ये 24 संघ, लीगचे 46 सामने, वर एफए कप, लीग कप आणि ईएफएल ट्रॉफी. ऐकून वाटतं, एवढ्या सामन्यांत नव्या मुलाला संधी मिळेलच. प्रत्यक्षात जुलैमध्ये गॅफर, म्हणजे संघाचा मॅनेजर, म्हणतो, ‘तू माझ्या योजनेत आहेस,’ आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात खेळाडूंच्या अदलाबदलीची खिडकी बंद होता होता प्रीमियर लीगच्या क्लबकडून त्याच जागेवरचा दुसरा मुलगा लोनवर, म्हणजे उसना, येतो. लोनवर आलेल्याला खेळवण्याचं बंधन करारात असू शकतं, तुमच्या मुलाला खेळवण्याचं नसतं. मग तो ईएफएल ट्रॉफीच्या गटसामन्यांत मंगळवारी रात्री रिकाम्या स्टँडसमोर खेळतो, आणि नाताळानंतर त्यालाच लोनवर नॅशनल लीग नॉर्थमध्ये धाडतात. म्हणजे जो रस्ता नाकारला होता त्याच रस्त्यावर, फक्त सहा महिने उशिरा.

हे टाळता येतं का? काही प्रमाणात. सही करण्याआधी त्या जागेवर करारातले किती जण आहेत ते पाहावं, गेल्या हंगामात त्या क्लबनं 21 वर्षांखालच्या किती मुलांना लीगचे सामने दिले ते मोजावं. हे सगळं उघड उपलब्ध असतं. आणि गॅफर किती काळ टिकेल याचाही विचार हवा. ज्यानं आणलं तो नोव्हेंबरमध्ये गेला, तर नवा माणूस आपली माणसं आणतो. खालच्या लीगमध्ये फिरत राहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदी पाहिल्यात तर क्लब बदलण्याचं कारण किती वेळा हेच निघेल!

नॉन-लीगमध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटतो. कराराविना खेळणारा मुलगा दुसऱ्या क्लबला हवा असेल तर तो क्लब सध्याच्या क्लबला सात दिवसांची नोटीस देऊन बोलणी करू शकतो. खेळायला मिळत नसेल तर महिनाभरात दुसरीकडे जाता येतं. हीच मोकळीक उलटही फिरते: क्लबही तितक्याच सहज सोडून देतो. पण विसाव्या वर्षी बांधून ठेवण्यापेक्षा ही मोकळीक मला बरी वाटते. आणि तिथले सामने म्हणजे पोरखेळ नव्हे. अकॅडमीत गुळगुळीत गवतावर समवयस्कांशी खेळलेल्या मुलाला फेब्रुवारीच्या चिखलात 33 वर्षांचा स्ट्रायकर पाठीवर घेऊन हेडर मारायचा असतो, आणि त्या माणसाचं घर त्या विजयाच्या बोनसवर चालतं. हे शिक्षण कुठल्याही अकॅडमीत नाही.

दोन माणसं

माल बेनिंग आणि जस सिंग. दोघेही पंजाबी मुळांचे, दोघेही मिडलंड्सच्या फुटबॉलमधले, आणि दोन्ही रस्त्यांची दोन नीट उदाहरणं.

बेनिंग लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. वॉल्सॉलच्या अकॅडमीतून वर आला, 2015 ला मॅन्सफील्डला गेला आणि 2021 पर्यंत तिथंच राहिला, मग पोर्ट व्हेल, मग 2023 मध्ये श्रूस्बरी. 28 मे 2022 ला वेम्ब्लीवर लीग टूच्या प्ले-ऑफची, म्हणजे बढतीच्या शेवटच्या जागेसाठीची, अंतिम लढत होती, पोर्ट व्हेलविरुद्ध मॅन्सफील्ड. व्हेल 3-0 नं जिंकलं आणि तिसरा गोल बेनिंगचा, ज्या क्लबनं वर्षापूर्वी त्याला जाऊ दिलं होतं त्यांच्याविरुद्ध. त्याच्या कारकिर्दीत मला सगळ्यात मोलाची गोष्ट तो गोल नाही, मॅन्सफील्डची ती सलग वर्षं आहेत. एका गावात घर, एकच ड्रेसिंग रूम, जागा पक्की. खालच्या लीगमध्ये असं स्थैर्य दुर्मीळ असतं. बाकी बहुतेकांचं विंचवाचं बिऱ्हाड.

जस सिंग गोलकीपर, टॅमवर्थचा. 2024-25 मध्ये टॅमवर्थ पाचव्या पायरीवर असूनही अर्धवेळ क्लब होता, आणि सिंगची नोकरी इमारतींच्या सर्वेक्षणाची. त्याच हंगामाच्या एफए कपमध्ये त्यांनी तिसऱ्या पायरीच्या लीग वनमधल्या बर्टनला पेनल्टींवर हरवलं, आणि 12 जानेवारी 2025 ला प्रीमियर लीगमधल्या टॉटनहॅमला पूर्ण 90 मिनिटं 0-0 वर रोखलं. ज्यादा वेळेत 3-0 नं हरले. आधीच्या हंगामापर्यंतचा नियम असता तर टॉटनहॅमच्या भल्यामोठ्या मैदानावर पुन्हा सामना झाला असता आणि तिकिटांच्या वाट्यातून टॅमवर्थचं पुढच्या कित्येक महिन्यांचं भागलं असतं. बरोबरी झाल्यावर पुन्हा सामना खेळवण्याची पद्धत मुख्य फेऱ्यांतून त्याच हंगामात बंद झाली. छोट्या क्लबांच्या तोंडचा घास काढणारा हा निर्णय होता, असं मला मनापासून वाटतं.

रोजचा दिवस

पूर्णवेळ खेळाडू सकाळी साडेनऊपर्यंत मैदानावर पोहोचतो आणि दुपारी मोकळा होतो. ही मोकळी दुपार मोठी धोक्याची. अनोळखी गावात, डिग्जमध्ये म्हणजे कोणाच्या तरी घरी खोली घेऊन राहणारा मुलगा त्या वेळेत मोबाइलवर जुगार खेळू लागतो किंवा अभ्यास करू लागतो. खेळाडूंमधल्या जुगाराच्या व्यसनाबद्दल अनेक माजी खेळाडू आता उघडपणे बोलतात. लीग टूला पाठवायचं ठरलं तर त्याच दिवशी एखाद्या दूरस्थ अभ्यासक्रमाला नाव घाला.

अर्धवेळ खेळाडूचा सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. आठ ते साडेचार काम, मग तासभर मोटरवे, सातला सराव, घरी पोहोचायला साडेदहा. मंगळवारी बाहेरगावी सामना असेल तर अर्ध्या दिवसाची रजा. शरीराला विश्रांती मिळत नाही, आणि बुधवारी सकाळी कामावर पुन्हा हजर. म्हणून नॉर्थ किंवा साउथ हा विभागही पाहून घ्यावा, आणि साहेब रजा देणारा असावा. पाचव्या पायरीवर विभाग नसतो. 2025 मध्ये कॉर्नवॉलचा ट्रुरो सिटी वर आला, तेव्हा गेट्सहेडहून तिथं जायचं म्हणजे एका बाजूनं साडेचारशे मैलांच्या आसपास. नोकरी सांभाळून हे करणं फार कठीण, त्यामुळे अर्धवेळ राहायचं असेल तर पाचवीपेक्षा सहावी पायरी बरी पडते.

दुखापत आणि बुडणारे क्लब

गुडघ्याचा लिगामेंट गेला तर पूर्णवेळ करारात पगार ठराविक काळ चालू राहतो, फिजिओ रोज भेटतो, शस्त्रक्रियेचं क्लब पाहतो. कराराविना खेळणाऱ्याची क्लबकडून मिळणारी रक्कम थांबते, एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) रांगेत उभं राहावं लागतं, आणि अंगमेहनतीचं काम असेल तर तो पगारही धोक्यात. इथं लीग टू सरळ पुढे आहे. अर्धवेळ जाणार असाल तर स्वतःचा विमा काढल्याशिवाय पहिला सराव करू नये.

पण पूर्णवेळ म्हणजे सुरक्षित, असंही धरू नका. 2019 मध्ये बरी क्लबनं लीग टूमधून बढती मिळवली, खेळाडूंचे पगार थकलेले असताना. त्याच वर्षी 27 ऑगस्टला क्लबला लीगमधून काढून टाकलं. हा तोच बरी, जिथं 1999 मध्ये बायचुंग भुतिया खेळायला गेला होता. 2019 च्याच नोव्हेंबरमध्ये लीग टूमधल्या मॅकल्सफील्डच्या खेळाडूंनी थकलेल्या पगारासाठी एफए कपचा सामना खेळायला नकार दिला, पोरांचा संघ उतरला आणि किंग्स्टोनियनकडून 0-4 हरला. 2020 च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयानं तो क्लब मोडीत काढला. तेव्हा क्लबचे मालक कोण आणि हिशेब वेळेवर सादर होतात का, हे बघणं आईवडिलांचं काम. मुलगा ते बघणार नाही, त्याला फक्त मैदान दिसतं.

पुन्हा वर येता येतं का?

येतं, म्हणून स्ट्रायकर जेमी व्हार्डीचं नाव घेतलं जातं. शेफील्ड वेन्सडेनं सोळाव्या वर्षी सोडलेला मुलगा, स्टॉक्सब्रिजमध्ये आठवड्याला 30 पौंड, दिवसा कारखान्यात काम, मग हॅलिफॅक्स, फ्लीटवुड, 2012 ला लेस्टर, 2016 ला प्रीमियर लीगचं विजेतेपद. उदाहरण खरं आहे, पण एका व्हार्डीवर घराचा निर्णय घेऊ नये. 2025 पर्यंत पाचव्या पायरीवरच्या नॅशनल लीगमधून लीग टूमध्ये दोनच क्लब वर जात होते, तिसरी जागा मिळावी म्हणून क्लबांची मागणी होती. क्लबाबरोबर वर जाण्यापेक्षा एकटा खेळाडू विकला जाण्याची शक्यता जास्त, आणि त्यासाठी वय 23-24 च्या आत असावं, गोल किंवा क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेले सामने) नावावर असाव्यात.

27-28 व्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा येतो, आणि तेव्हा माझा कौल बदलतो. लग्न झालेलं, मूल शाळेत, आणि पुन्हा तीनशे मैलांवरच्या क्लबचा एक वर्षाचा करार. तोवर लीग टूत बस्तान बसलं नसेल तर घराजवळचा अर्धवेळ क्लब आणि कायमची नोकरी घ्यावी. पस्तिशीत बेकार होऊन नवं काम शिकण्यापेक्षा अठ्ठाविसाव्या वर्षी शिकलेलं बरं, आणि खेळही सुटत नाही.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून तिकडं शिकायला गेलेल्यांसाठी एक इशारा: विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही, आणि नॉन-लीगचं छोटं मानधनही त्यात अडकू शकतं. विद्यापीठाच्या संघात खेळा. बाहेरच्या क्लबच्या कागदावर व्हिसाचा सल्ला घेतल्याशिवाय सही करू नका. ही सगळी तुलना ब्रिटिश पासपोर्ट किंवा कायमचं वास्तव्य असणाऱ्यांसाठी आहे.

सहीपूर्वी करारात तीन कलमं शोधा. पुढच्या वर्षाचा पर्याय फक्त क्लबकडे आहे का? क्लब खालच्या लीगमध्ये घसरला तर पगार किती कापणार? मूळ रक्कम किती आणि मैदानात उतरल्यावरच मिळणारी किती? मग गेल्या जूनमध्ये त्या क्लबनं सोडलेल्या दोघा-तिघांशी बोला. पगार महिन्याच्या शेवटी वेळेवर यायचा का, गॅफर दिलेला शब्द पाळायचा का, जखमी असताना फोन कोण करायचं, हे त्यांना विचारा. एजंट हे सांगणार नाही. ते खेळाडू सांगतील, कारण आता त्यांना त्या क्लबकडून काहीच नको असतं.