बेलोग्राडचिकजवळच्या गावातला होमस्टे, तीन रात्री (5 पैकी 4 स्टार)

2025 च्या मे मधे मी आणि नवरा बल्गेरियाच्या वायव्य टोकाला, विदिन प्रांतात, एका आजींच्या घरी तीन रात्री राहिलो, त्याचा हा रिव्ह्यू. सोफियाहून विदिनकडे जाणारी ट्रेन पकडायची, ओरेशेत्सला उतरायचं, पुढे टॅक्सी. ट्रेन रमतगमत जाते, अर्धा दिवस त्यातच जाणार असं धरून निघा. इकडे लोक बेलोग्राडचिकचे लाल खडक आणि किल्ला बघायला येतात, ते बघाच, पण त्यावर वाचायला भरपूर मिळेल, मी घराबद्दल सांगते.

रूम मोठी, लख्ख, चादरींना कडक इस्त्री. भिंतीवर आजींच्या मुलीचा शाळेतला फोटो आणि कपाटात तिच्या वह्या अजून तशाच, म्हणजे ही मुळात मुलीचीच खोली, ती पंधरा-सोळा वर्षं झाली स्पेनमधे असते. बाथरूम खाली अंगणाच्या बाजूला, गिझर बराच आधी लावून ठेवावा लागतो तरी दुसऱ्याच्या आंघोळीपर्यंत पाणी गार, आणि वायफाय नाही, एक स्टार त्याचा कापलाय. जेवणाला मात्र पैकीच्या पैकी. सकाळी गरमागरम बानित्सा, म्हणजे आत चीज घातलेले खुसखुशीत पापुद्रे, सोबत घट्ट दही आणि भाजलेल्या लाल मिरच्यांची ल्युतेनित्सा, ती तर मी नुसती चमच्याने खाल्ली. आजीला तिकडे 'बाबा' म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो.

गेटवर एक कागद दिसेल, प्लॅस्टिकमधे घातलेला, काळी चौकट, वर फोटो. मला आधी वाटलं कोणीतरी हरवलंय. ती बाबांच्या नवऱ्याची मृत्यूची सूचना, तिकडे नेक्रोलोग म्हणतात, चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने परत नवीन लावतात. संध्याकाळी चालायला निघालो तर जवळजवळ प्रत्येक फाटकावर एकेक, काही पावसाने पुसट झालेले, आणि त्यातल्या कितीतरी घरांना कुलूप, म्हणजे शेवटचं माणूस गेलं आणि तो कागद तेवढा राहिला. शाळाही बंद आहे. खिडकीच्या काचेला नाक लावून बघितलं तर आत भिंतीवर कोट अडकवायचे हुक, माझ्या कमरेच्या उंचीवर, सगळे रिकामे. मला तिथून हलवेना.

रात्री मोबाईलच्या ट्रान्सलेटरवर बाबांशी गप्पा व्हायच्या. समाजवादी काळात लग्न नाही, मूल नाही म्हणून पगारातून वेगळा कर कापायचे, त्यांच्या भावाने तो भरलाय. मग सगळं कोसळलं. 1997 च्या फेब्रुवारीत एका महिन्यात किमती तिपटीच्या वर गेल्या होत्या, त्यांच्या मुलीला तेव्हा तान्हं बाळ होतं, दुकानात दूध मिळेल की नाही याची खात्री नाही, तिने तेव्हाच सांगून टाकलं की एक बास. त्या वर्षी देशाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी किती मुलं, 1.09 वर आला होता, म्हणजे असं म्हणणारी ती एकटी नव्हती.

आपण 'तिकडच्या बायकांना मुलंच नको असतात' असं सहज बोलून जातो ना, ते मला आता अजिबात पटत नाही. 2023 मधे बल्गेरियाचा जननदर 1.81 होता, युरोपियन युनियनमधे सगळ्यात जास्त! विमा भरलेल्या आईला 410 दिवस रजा आणि पगाराच्या 90 टक्के पैसे मिळतात. तरी गावं रिकामी होतायत, कारण नव्वदीत जन्मलेल्या मुलीच मुळात कमी, आणि त्यातल्याही कितीजणी स्पेन, जर्मनीला गेल्या, तर पाळणा हलवायला मागे राहिलं कोण? 1985 च्या जनगणनेत साधारण 89 लाख 50 हजार लोक होते, 2021 च्या जनगणनेत 65 लाख 20 हजार. बाबांची नात आता मोठी झालीय, व्हायबरवर रोज फोन करते, पण बल्गेरियन अडखळत बोलते, मधेच स्पॅनिशवर जाते, आणि बाबा न समजताच 'हो हो' म्हणत राहतात. मी शेजारीच बसलेले होते, बघवत नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा लेव्ह चालायचे, रात्रीचे 50 घेतले नाश्त्यासकट, म्हणजे साडेपंचवीस युरो. 1 जानेवारी 2026 पासून तिकडे युरोच आलाय. कॅश न्या, औषधं न्या, गावात दुकान नाही, पावाची गाडी येते तेवढीच. आणि ऑगस्टमधे बुकिंग मागू नका, तेव्हा मुलगी आणि नात घरी येतात, ती खोली त्यांची असते.