क्रूला केंद्रावर पाठवावे, की प्रशिक्षकाला घरावर आणावे?

अमेरिकेच्या वेदरायझेशन कार्यक्रमात, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे कमी इंधनात उबदार राहावीत म्हणून सरकारी खर्चाने होणाऱ्या कामात, एखाद्या स्थानिक संस्थेच्या प्रशिक्षणाचा वार्षिक आराखडा ज्यांच्याकडे येतो, त्यांना पहिल्याच वर्षी एक निर्णय घ्यावा लागतो. माणसे आठवडाभर प्रशिक्षण केंद्रावर पाठवायची, की प्रशिक्षकाला आपल्याकडे बोलावून प्रत्यक्ष घरावर क्रूला, म्हणजे घरांवर काम करणाऱ्या तुकडीला, शिकवायचे? गेल्या वर्षभरात या क्षेत्रातल्या दोन मराठी सहकाऱ्यांनी, एकांनी ओहायोतून आणि दुसऱ्यांनी न्यू जर्सीतून, मला हाच प्रश्न विचारला. मी ईशान्येकडील एका राज्यात हा आराखडा अनेक वर्षे करत आलो असून दोन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत. दोघांना फोनवर तुटक उत्तरे दिली होती, ती येथे सविस्तर मांडतो.

प्रश्नाला एवढे वजन का आले आहे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७६ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा काम खिडक्यांना प्लास्टिक लावण्याचे आणि दारांच्या फटी बुजवण्याचे होते. ते बरेचसे स्वयंसेवकांच्या हातूनही निभावत असे. आज त्याच नावाखाली पोकळ भिंतींत उष्णतारोधक माल भरला जातो, फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, सुरक्षितता तपासली जाते, ब्लोअर डोअर, म्हणजे दारात बसवायचा मोठा पंखा, लावून घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करून हवेची गळती मोजली जाते आणि घर घट्ट झाल्यावर आत ताजी हवा किती यायला हवी, याचा हिशेब होतो. २००९ च्या आर्थिक प्रोत्साहन कायद्याने सुमारे ५ अब्ज डॉलर एकदम ओतले, तेव्हा मी या कामात नवखा होतो. पैसा ज्या वेगाने येतो त्या वेगाने माणसे तयार होत नाहीत आणि पैसा ओसरल्यावर तयार झालेली माणसेही टिकत नाहीत, हे तेव्हा जवळून पाहिले. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पुन्हा ३.५ अब्ज डॉलर दिले आणि प्रशिक्षणाचे तेच प्रश्न नव्याने टेबलावर आले.

केंद्राच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी मनापासून मानतो. चांगल्या केंद्रात एक भिंत अशी असते की जिची दर्शनी बाजू पारदर्शक ॲक्रिलिकची असते. सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या लगद्यासारखा उष्णतारोधक माल, नळीतून आत जाताना कसे साचते, कुठे अडते, वायरीच्या पेटीमागे पोकळी कशी राहते, हे शिकणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. प्रत्यक्ष घराच्या भिंतीत ते कधीच दिसत नाही. त्याहून मोलाची गोष्ट अशी की केंद्रात बिघाड हवा तेव्हा घडवता येतो. स्वयंपाकघरातला पंखा आणि कपडे वाळवण्याचे यंत्र चालू करून दारे लावली की गॅसवर चालणाऱ्या वॉटर हीटरचा धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी खोलीत उलटतो. प्रशिक्षक हे दिवसातून पाच वेळा दाखवू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाढताना दाब मोजणारा मॅनोमीटर व वायूचा मीटर हातात धरून कुठल्या क्रमाने काय करायचे, ते अंगवळणी पडेपर्यंत करून घेऊ शकतो. घरावरच्या प्रशिक्षणात असा बिघाड त्या आठवड्यात भेटेलच असे नाही, आणि तो मुद्दाम घडवणे तर शक्यच नाही, कारण तेथे माणसे राहत असतात.

ऑडिटर, म्हणजे घर तपासून कोणती कामे करायची ते ठरवणारा, आणि गुणवत्ता निरीक्षक यांच्या बाबतीत तर फारसा पर्यायच उरत नाही. २०१५ पासून प्रत्येक घराची अंतिम तपासणी प्रमाणपत्रधारक निरीक्षकाकडूनच व्हावी लागते, त्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि त्याची प्रात्यक्षिक परीक्षा ठरलेल्या परिस्थितीत द्यायची असते. पद्धतशीर अभ्यासक्रम, ओळखीची साधने आणि परीक्षेची सवय या तिन्ही गोष्टी केंद्रावर एकत्र मिळतात. माझ्या आराखड्यात या दोन पदांसाठी केंद्रावरच्या जागा नेहमीच राखलेल्या असतात आणि त्यात बदल करावा असे मला वाटलेले नाही.

प्रश्न आहे तो इन्स्टॉलर आणि क्रू-लीडर यांचा, म्हणजे ज्यांच्या हातून भिंत खरोखर भरली जाते त्यांचा. येथे केंद्राच्या मार्गातल्या एकाच गोष्टीने माझे मत फिरवले. केंद्रावर माणूस एकटा जातो आणि एकटाच परत येतो.

सगळा क्रू आठवडाभर बाहेर पाठवणे बहुतेक संस्थांना परवडत नाही, कारण ठरलेल्या घरांची संख्या वर्षअखेरीपर्यंत गाठायची असते. म्हणून क्रूमधला एकच जण निवडला जातो, आणि तोही बहुधा सर्वांत नवा, कारण अनुभवी माणसाला कामावरून सोडता येत नाही. आमच्याकडच्या एका तरुणाला मी असेच पाठवले होते. मुलगा हुशार होता आणि प्रशिक्षकांचा अभिप्रायही उत्तम होता. तो तेथे भिंत भरण्याची एक-छिद्री पद्धत शिकून आला. तिच्यात भिंतीतल्या प्रत्येक उभ्या कप्प्याला एकच छिद्र पाडायचे, त्यातून लांब नळी कप्प्याच्या टोकापर्यंत सरकवायची आणि माल दाबून बसत गेला की ती हळूहळू मागे ओढायची. दर घनफुटाला किमान ३.५ पौंड सेल्युलोज बसावे, तरच ते पुढे खाली बसत नाही आणि हवाही अडवते. आमचा क्रू-लीडर मात्र पंधरा वर्षे दोन छिद्रे पाडून, आखूड तोंडाच्या नळीने भिंती भरत आला होता. परत आल्यावर पहिल्याच घरी तरुणाने लांब नळी मागितली. त्यावर त्याला उत्तर मिळाले की हे घर आज संपवायचे आहे, तुझी नळी पुढच्या घरी पाहू. पुढच्या घरीही तेच झाले, आणि त्यानंतर त्याने विचारणे सोडले.

तीन महिन्यांनी जानेवारीतल्या एका सकाळी त्या क्रूचे काम चालू असलेल्या घरावर मी इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन गेलो. त्यात भिंतीचा थंड भाग गडद दिसतो. बाहेर कडाक्याची थंडी होती, त्यामुळे चित्र स्वच्छ दिसत होते. बैठकीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, छतालगत, ओळीने गडद पट्टे होते. प्रत्येक कप्प्याचा वरचा वीतभर भाग रिकामा होता. बाहेर ट्रकमध्ये डोकावलो तर लांब नळी गुंडाळलेली, कोरी पडून होती, आणि आठवडाभर शिकून आलेला तो तरुण सेल्युलोजच्या गोण्या फाडून यंत्रात टाकत होता. उन्हाळ्यापूर्वीच त्याने नोकरी सोडली.

यात क्रू-लीडरचा दोष काढणे मला योग्य वाटत नाही. त्याला नवी पद्धत कोणी दाखवलीच नव्हती. दाखवली होती ती त्याच्या हाताखालच्या सर्वांत कनिष्ठ माणसाला. चूक आराखड्यात होती. ज्याच्या शब्दाने क्रू चालतो त्याला वगळून आम्ही शिकवत होतो. केंद्र कितीही चांगले असले तरी ही अडचण त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. माझ्या अनुभवात तरी पाठवलेल्या माणसांपैकी ज्यांचे शिक्षण कामात उतरले, ते बहुतेक असे होते की ज्यांचा क्रू-लीडर आधीच तेच शिकून आलेला होता.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही एका अनुभवी प्रशिक्षकाला पाच दिवसांसाठी घरावर आणले. घर १९२० च्या दशकातले, दुमजली होते. त्या काळच्या अनेक घरांप्रमाणे त्याच्या भिंतीतली उभी लाकडे तळघरापासून छपरापर्यंत सलग गेलेली होती आणि मध्ये आडवा अडसर नव्हता. पहिल्या छिद्रातून नळी घालून यंत्र सुरू केले आणि मिनिट-दोन मिनिटे गेली तरी यंत्राचा आवाज काही बदलेना. कप्पा भरत आला की वाऱ्याला वाट उरत नाही, यंत्र घुसमटल्यासारखा खोल आवाज काढते, हातातली नळी थरथरते आणि तेव्हाच ती मागे ओढायची असते. येथे आवाज जसाच्या तसा राहिला, तेव्हा प्रशिक्षकाने यंत्र बंद करायला लावले आणि काही न सांगता सगळ्यांना तळघरात नेले. भिंतीखालच्या उघड्या कप्प्यातून सेल्युलोज खाली ओतले गेले होते आणि कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी करड्या मालाचा ढीग साचला होता.

यानंतर जे झाले त्यासाठी मी हा मार्ग पसंत करतो. ते कप्पे खालून कसे बंद करायचे, हे आमच्या त्याच क्रू-लीडरने दाखवले. कडक फोमचे तुकडे कापून ते कसे बसवायचे, पाइप आडवा येतो तेथे काय करायचे, हे त्याला पंधरा वर्षांच्या कामातून माहीत होते, आणि प्रशिक्षकाने ते इतरांना त्याच्याच तोंडून सांगायला लावले. दुपारी नळी पुन्हा आत गेली, या वेळी आवाज बदलला आणि क्रू-लीडरने स्वतः ती मागे ओढली. संध्याकाळी भिंतीचे क्षेत्रफळ आणि रिकाम्या गोण्यांची संख्या यांचा मेळ घालून माल पुरेसा घट्ट बसल्याची खात्री त्याच्याकडूनच करून घेतली गेली. त्या क्रूच्या ट्रकमध्ये ती नळी पुन्हा कोरी राहिली नाही. याचे मोजमाप माझ्याकडे नाही. पुढच्या दोन हिवाळ्यांत कॅमेऱ्यात ते गडद पट्टे फारसे दिसले नाहीत, इतकेच सांगू शकतो.

या मार्गाची एक बाजू मात्र मनाला सतत टोचते आणि ती लपवणे बरोबर होणार नाही. जे घर आपण वर्ग म्हणून वापरतो ते एखाद्या कुटुंबाचे राहते घर असते, आणि ते कुटुंब गरीब असते, म्हणून ते सहसा नाही म्हणत नाही. त्या पाच दिवसांत घरमालकीण आजी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून होत्या, आणि चौथ्या दिवशी त्यांनी मला बाजूला बोलावून हळूच विचारले की एवढी माणसे येतात ती माझ्या घरात काही मोठे बिघडले आहे म्हणून का. तेव्हापासून आम्ही पंधरा दिवस आधी स्वतः जाऊन, बसून, सगळे समजावून सांगतो, नकार दिल्यास तुमचा क्रम मागे जाणार नाही हे स्पष्ट करतो आणि एका वेळी आत सहापेक्षा जास्त माणसे जाऊ देत नाही. घरातली चूक त्याच दिवशी निस्तरायची, हा नियम प्रशिक्षकालाही लागू असतो. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाच्या रंगाची काळजी घ्यावी लागते, त्यामुळे त्याचे आठ तासांचे प्रशिक्षण ज्यांनी आधी घेतले आहे त्यांनाच अशा घरात आणतो.

खर्चाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चार-पाच जणांची केंद्राची फी, हॉटेल, प्रवास आणि आठवड्याचा पगार एका बाजूला, आणि प्रशिक्षकाचे मानधन व एका क्रूची मंदावलेली घरे दुसऱ्या बाजूला मांडली, तर आमच्याकडे दोन्ही आकडे जवळपास आले. दोन्ही खर्च प्रशिक्षण व तांत्रिक साहाय्याच्या स्वतंत्र निधीतून करता येतात. फरक पडतो तो माणसे सोडून जातात तेव्हा. प्रमाणपत्र घेतलेल्या एकट्या माणसाला खासगी कंत्राटदार थोड्या जास्त पगारावर सहज नेतो, आणि त्याच्याबरोबर सगळे शिक्षण जाते. चौघांनी मिळून शिकलेली पद्धत मात्र एक जण गेला तरी क्रूमध्ये राहते, आणि नवा आलेला तिच्यातच तयार होतो.

तुमची संस्था अगदी नवी असेल आणि क्रूमध्ये अनुभवी कोणीच नसेल, तर मी बहुधा आधी केंद्राकडेच पाठवीन, कारण घरावरचा प्रशिक्षक ज्या अनुभवाला हाताशी धरतो तो तुमच्याकडे अजून जमा झालेला नसतो. तुमचे काम स्वतःच्या क्रूऐवजी कंत्राटदारांकडून होत असेल, तर घरावरचे प्रशिक्षण मला अधिकच सोयीचे वाटते. केंद्रावर गेलेल्या दिवसांची त्यांची कमाई बुडते, तर येथे घर निदान पूर्ण तरी होते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हवा असल्यास एखाद्या मान्यताप्राप्त केंद्राच्या सहकार्याने तो तुमच्याकडेही चालवता येतो, त्यामुळे कागदोपत्री अडचण फारशी उरत नाही. काही केंद्रे आपला प्रशिक्षक यासाठी पाठवतात. त्याला भिंत भरण्याचा हाताचा अनुभव किती आहे, हे मात्र आधी फोन करून विचारून घ्यावे.

आमच्या येत्या वर्षाच्या आराखड्यात निरीक्षकांच्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी केंद्रावरच्या दोन जागा आणि नव्या ऑडिटरसाठी एक जागा आहे. चिमणीतून उलटणाऱ्या धुराच्या चाचणीसाठी दोन्ही क्रू-लीडर एक दिवस केंद्रावर जातील, कारण ते घरावर शिकवता येत नाही. उरलेला निधी ऑक्टोबरमधल्या दोन आठवड्यांच्या घरावरच्या प्रशिक्षणासाठी ठेवला आहे, म्हणजे जानेवारीत फर्नेस बंद पडल्याचे फोन सुरू होण्याआधी नवी सवय हातात बसायला दोन-तीन महिने मिळतील. तुम्ही असा आठवडा ठरवणार असाल, तर घर निवडायला क्रू-लीडरलाच बरोबर न्या आणि तळघरातून भिंतीचे कप्पे खालून उघडे आहेत का, ते त्यालाच पाहायला सांगा.