आधी फ्रीरेन की माओमाओ?

२०२३ च्या शरद हंगामात निप्पॉन टीव्ही या जपानी वाहिनीने दोन अ‍ॅनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका दणक्यात उतरवल्या. २९ सप्टेंबरला ‘फ्रीरेन’चे चार भाग सलग, तर २२ ऑक्टोबरला ‘द अपोथेकरी डायरीज’चे तीन भाग एकदम.

‘अपोथेकरी’ पहिल्याच भागात पकड घेते. माओमाओ ही पळवून जनानखान्यात विकलेली औषधवाली. सम्राटाची बाळं का दगावतात हे तिच्या लक्षात येतं: तोंडाला फासायची पांढरी पावडरच विषारी! कापडाच्या तुकड्यावर इशारा लिहून ती नामानिराळी होते. मग जनानखान्याचा कारभार पाहणारा जिन्शी सगळ्या दासींसमोर एक कागद धरतो. त्यावर लिहिलंय, ‘चेहऱ्यावर ठिपके असलेली, तू थांब.’ वाचता येतं म्हणूनच बया सापडते. झकास प्रसंग आहे.

फ्रीरेनला घाई नाही. राक्षसराजा आधीच मेलाय, दहा वर्षांची मोहीम संपलीय. पन्नास वर्षांनी उल्कावर्षाव बघायला ती परतते, तर मोहिमेतला तिचा साथीदार, देखणा वीर हिमेल टकलू, बुटका म्हातारा झालेला. ती एल्फ, म्हणजे शेकडो वर्षं जगणाऱ्या जमातीतली, त्यामुळे जशीच्या तशी. त्याच्या अंत्यविधीला तिला रडू फुटतं, कारण त्याला जाणून घ्यायचं राहूनच गेलं. मॅडहाउस या स्टुडिओने हे सगळं विनाआरडाओरडा दाखवलंय, आणि इव्हान कॉलचं संगीतही उगाच मध्ये लुडबुडत नाही. चार भाग एका बैठकीत मात्र जड जातात. रोज एक बघा.

कोडी आवडत असतील तर माओमाओ. मी फ्रीरेनच्या बाजूने. बाकी विनोद म्हणाल तर माओमाओच सरस. विष दिसलं की तिचा चेहरा काय खुलतो!