टेस्टमध्ये टेबलं ताडून पाहायला कोणता फॉरमॅट? काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या टेस्ट प्रोग्रॅम चालवतात, मग डेटाबेसमधली टेबलं फाईलमध्ये उतरवतात आणि ती फाईल रिपॉझिटरीतल्या अपेक्षित फाईलशी ताडून पाहतात. बरेच फॉरमॅट वापरून झाल्यावर आता जेसनवर (कॉलमचं नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकुरी फॉरमॅट) स्थिरावलोय, तेही प्रत्येक कॉलम स्वतंत्र ओळीवर.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली मूल्यं) आटोपशीर आणि कुठेही उघडणारी. तिची खरी अडचण नल (मूल्यच नाही) आणि रिकामी स्ट्रिंग (मूल्य आहे, पण त्यात एकही अक्षर नाही) यांतला भेद. पोस्टग्रेस डेटाबेसची कॉपी कमांड सीएसव्ही लिहिताना नलच्या जागी काहीच ठेवत नाही आणि रिकाम्या स्ट्रिंगच्या जागी अवतरणचिन्हांची जोडी ठेवते, म्हणजे फाईलमध्ये भेद असतो. पण पायथॉनचा सीएसव्ही रीडर नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन्ही रिकामी स्ट्रिंग म्हणूनच वाचतो. रिकाम्या नावाच्या जागी नल गेला तरी टेस्ट हिरवी, म्हणजे पास! मला हा दोष सगळ्यात घातक वाटतो. शिवाय रुंद टेबलात एक कॉलम बदलला तरी डिफमध्ये (दोन फाईलींतला फरक दाखवणाऱ्या यादीत) अख्खी लांबलचक ओळ लाल-हिरवी होते. नेमकं काय बदललं ते शोधत बसायचं.

पोस्टग्रेसचा डेटा फाईलमध्ये उतरवणाऱ्या पीजी-डम्पमध्ये नल वेगळा कळतो, पण ओळींच्या क्रमाची खात्री नाही. एखादी ओळ अपडेट झाली की तिची जागा बदलू शकते. मायएसक्यूएलच्या डम्पला निदान प्रायमरी कीनुसार क्रम लावायचा पर्याय आहे.

डीबीयुनिट या डेटाबेस टेस्टच्या साधनाच्या फ्लॅट एक्सएमएलमध्ये नल म्हणजे गायब अ‍ॅट्रिब्यूट, आणि कॉलम कोणते ते मुळात पहिल्या ओळीवरून ठरतं. पहिल्याच ओळीत नल असेल तर तो कॉलम पुढेही धरला जात नाही. कॉलम सेन्सिंग (सगळ्या ओळी पाहून कॉलम ठरवणं) चालू केलं की हे सुटतं, पण ते माहीत असावं लागतं.

जेसनमध्ये नल स्पष्ट लिहिलेला असतो. पोस्टग्रेसच्या रो-टू-जेसन फंक्शनला दुसरा आर्ग्युमेंट ट्रू दिला की कॉलम आपोआप ओळींवर येतात, त्यामुळे डिफ वाचायला फार सोपा. पण पथ्यं पाळावी लागतात. क्वेरीत ऑर्डर बाय, म्हणजे ओळींचा ठरलेला क्रम, हवाच. ज्या कीवर (ओळ ओळखणाऱ्या कॉलमवर) क्रम लावता ती मजकुराची असेल तर कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) ‘सी’ ठेवा, नाहीतर दोन मशीनवर क्रम वेगळा येऊ शकतो. सेशनचा टाइमझोन यूटीसी करा. आणि फाईल पार्स न करता (म्हणजे प्रोग्रॅमच्या मूल्यांत न बदलता) मजकूर म्हणूनच ताडा: पार्स केल्यावर १०.५० चे १०.५ होतात, आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे आकडे जावास्क्रिप्टमध्ये अचूक राहतीलच असं नाही. ओळ तयार झाल्याची वेळ ठेवणारा कॉलम दर रनला बदलतो. तिथे आम्ही ठरावीक शब्द भरतो, पण नल असेल तर नलच ठेवतो.

कॉलमची नावं प्रत्येक ओळीसाठी पुन्हा येत असल्याने फाईल फुगते. टेस्टमधल्या थोड्या ओळींना ते चालतं. लाखो ओळी ताडायच्या असतील तर हा मार्ग धरू नका. टेबलात नवा कॉलम आला की त्या टेबलाच्या सगळ्या अपेक्षित फाईली बदलतात, हा त्रास अजून आहेच. त्या एका कमांडने पुन्हा बनतात, पण रिव्ह्यूमध्ये डिफ वाचल्याशिवाय आम्ही मर्ज करत नाही.