लहान आतड्याचा एमआरआय: द्रव प्यायचा की नळीतून सोडायचा?

रिकामं आतडं चिमटून बसलेलं असतं. त्याची भिंत जाड झाली आहे की नुसती घडी पडली आहे, हे एमआरआयवर कळत नाही. म्हणून ते आधी द्रवाने फुगवावं लागतं. दोन पद्धतींमधला फरक तो द्रव आत कसा जातो, एवढाच.

एमआर एन्टरोग्राफीत रुग्ण मॅनिटॉल किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल घातलेलं एक ते दीड लिटर पाणी पाऊण-एक तासात पितो. चव गोडसर, नंतर जुलाब ठरलेलेच. एमआर एन्टरोक्लिसिसमध्ये नाकातून जेजुनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या वरच्या भागापर्यंत, नळी घालून पंपाने द्रव सोडतात. आतडं, विशेषतः वरचा भाग, छान फुगतं. पण नळी बहुधा एक्स-रेखाली बसवतात, म्हणजे एमआरआयने टाळलेलं रेडिएशन थोडंफार परत आलंच! शिवाय नळीचा त्रास रुग्ण सहसा विसरत नाही.

क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) असो वा आपल्याकडचा आतड्याचा क्षयरोग, दोघांचं आवडतं ठिकाण म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक. ते पिऊनही पुरेसं फुगतं. निदानाची अचूकता साधारण सारखीच. वारंवार तपासणी लागणाऱ्या तरुण रुग्णाला नळी कशाला? माझं मत सरळ एन्टरोग्राफीच्या बाजूने.

अपवाद आहेत. जेजुनममधली छोटी गाठ किंवा अधूनमधून पोट फुगवणारा अर्धवट अडथळा शोधायचा असेल, तर नळीचा दाब कामी येतो. द्रव पिणंच जमत नसेल तरीही.

आतड्याची हालचाल थांबवणारं इंजेक्शन आणि शिरेतून गॅडोलिनियम (चित्र उठून दिसण्यासाठीचं औषध) सहसा दोन्हीकडे देतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीच सांगावं.