एलएलबी झालं, आता पेटंट, ट्रेडमार्क, सायबर की कंपनी? हिंगणघाटच्या टेबलावरून

आमच्या चुलत भावाची पोरगी आणि तिची मैत्रीण, दोघी यंदा एलएलबी झाल्या. पोळ्याला घरी आल्या होत्या, पुरणपोळी खाता खाता एकच घोषा, काका आम्हाले आयपी-टेकमध्ये जायचं हाये, त्यात कोणतं बरं? मी म्हटलं बाप्पा, आयपी-टेक, म्हणजे बौद्धिक संपदेचं आणि तंत्रज्ञानाचं वकिली काम, ते काय एक एसटी आहे का की चढलं आणि बसलं, त्या चार वेगवेगळ्या गाड्या आहेत आणि त्यातल्या एकीचं तिकीट तर तुमच्यातल्या एकीला मिळतच नाही. तेव्हा जे बोललो ते इथं टाकतो, कारण दर दोन महिन्यांनी कोणीतरी हेच विचारतं.

मी हिंगणघाटला कोर्टात बसतो, १४ वर्षं झाली. दिवाणी-फौजदारी आहेच, सोबत ट्रेडमार्क आणि सायबरचं काम. मोठा आयपी वकील वगैरे नाही, त्यामुळं हे सगळं तालुक्याच्या चष्म्यातून आहे असं समजून वाचा.

आधी तिकिटाचं सांगतो. भावाची पोरगी बीएस्सी करून मग एलएलबी झाली, मैत्रीण बीए करून. पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणं पेटंट एजंट व्हायला सायन्स, इंजिनिअरिंग नाहीतर टेक्नॉलॉजीची डिग्री लागते, एलएलबी असो वा नसो. म्हणजे बीए वालीला एजंटची परीक्षा देताच येत नाही. कोर्टात पेटंटची केस लढायला बीए-एलएलबी चालतं, पण अर्ज लिहून पेटंट ऑफिसात एजंट म्हणून दाखल करणं, म्हणजे जिथून नवीन माणसाला रोजचं काम मिळतं, ते दार तिच्यासाठी बंद. हे कॉलेजात कोणी सांगत नाही राव, पोट्टे आयपीचा डिप्लोमा करतात, पैसे भरतात आणि मग कळतं.

परीक्षा दोन पेपर शंभर-शंभरचे आणि तोंडी पन्नासची. दोन्ही पेपरात किमान ५० पाहिजे आणि एकूण मिळून ६० टक्के. दरवर्षी ठरल्या तारखेला होईलच असं नाही, त्यामुळं नुसती तिचीच वाट पाहत घरी बसू नका. कामाचा खरा जीव क्लेम, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क सांगतो ते, लिहिण्यात आहे, एक शब्द जास्त पडला की हक्क अर्धा होतो. आमच्या इकडच्या एका मिस्त्रीनं मोटरसायकलला जोडायचा डवरा, म्हणजे कोळपं, बनवला, लय भारी चीज, पाती आतबाहेर सरकवून कपाशीच्या दोन तासांतल्या अंतराप्रमाणं लावता येते. माझ्याकडं आला तेव्हा म्हणे वकीलसाहेब पेटंट करून द्या, आणि कौतुकानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, दीड वर्षापूर्वी यूट्यूबवर टाकलेला! आता त्यातलं नवीनपण तिथंच संपलं, पेटंटला गोष्ट अर्जाच्या आधी जगजाहीर झालेली चालत नाही. त्याला ते सांगताना माझाच घसा कोरडा पडला. असे मिस्त्री विदर्भात गावोगावी आहेत पण पेटंटची फी देणारे नाहीत, फी देणारी गिऱ्हाइकं म्हणजे कंपन्या, आणि त्यांचं काम करणाऱ्या फर्म दिल्ली, मुंबई, पुणे, बंगलोरला. तेव्हा पेटंट म्हणजे गाव सोडणं, निदान पहिली पाचेक वर्षं. शिकायला मात्र लांब जायची गरज नाही, बौद्धिक संपदेचं राजीव गांधी राष्ट्रीय संस्थान नागपूरलाच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, खुद्द पेटंट ऑफिसचे एक्झामिनर तिथं ट्रेनिंग घेतात. आपल्या पोरांना तासाभराच्या अंतरावरचं हे ठाऊक नसतं.

आता ट्रेडमार्क. इथं बीए, बीकॉम काहीही चालतं, वकिलाला वेगळी परीक्षा नाही. अर्ज ऑनलाइन, डिजिटल सही असली की झालं, लहान उद्योगाला आणि एकट्या माणसाला एका क्लासची, म्हणजे मालाच्या एका वर्गाची, सरकारी फी ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. ऑफिस मुंबईचं, पण हिअरिंग व्हिडिओवर होते म्हणून तालुक्यात बसून जमतं. जमतं म्हणजे कसं, तर मागच्या जूनमध्ये माझी हिअरिंग साडेअकराला होती, अकरा वीसला लाइन गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली, मग कोट घालून कारमध्ये बसलो, मोबाईल डॅशबोर्डवर टेकवला आणि तिथून सांगितलं की आमच्या मसाल्याचं नाव समोरच्याच्या नावासारखं वाटत नाही. मागं कोणाची तरी म्हैस ओरडत होती. ऑफिसनं घेतलेलं ऑब्जेक्शन निघालं माझं.

गिऱ्हाईक कोण, तर लाकडी घाण्याचं तेल काढणारे, मसालेवाले, बचत गटाच्या पापड-चटण्या, कृषी केंद्रवाले, आणि आता इन्स्टाग्रामवर संत्र्याची बर्फी विकणाऱ्या पोरीपण. यांना वाटतं उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, सर्टिफिकेट काढलं म्हणजे नाव आपलं झालं. साडेचार हजार सरकारचे आणि माझी फी वेगळी, हे पटवण्यातच अर्धा तास जातो. शिवाय ऑनलाइन साइटवाले आणि सीए लोक तेच काम स्वस्तात करतात. ते फॉर्म भरतात, पण एक्झामिनेशन रिपोर्ट, म्हणजे ऑफिसचे आक्षेप, आला की गिऱ्हाईक वाऱ्यावर, आणि उत्तराला मुदत एकच महिना असते, तेव्हा ते धावत आपल्याकडं येतात. माझं निम्मं ट्रेडमार्कचं काम दुसऱ्यांनी बिघडवलेलंच आहे. ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर चार महिने कोणीही विरोध करू शकतो, तो विरोध लढवण्यात पैसा आहे, नुसत्या अर्जात नाही.

याच्याच शेजारी जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आणि बियाण्याचं. आमच्या बाजूच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय आहे, भिवापूरच्या मिरचीला आहे, नागपूरच्या संत्र्याला आहे. ऐकायला छान, पण जीआय गटाचं असतं, एकदा मिळालं की मग शेतकऱ्यांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी, एवढंच काम उरतं, त्यावर घर चालत नाही. बियाण्याचं तसं नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी धान शोधला, तो धान कुठच्या कुठं पोचला, दादाजींचं घर मात्र २०१८ ला ते गेले तोवर गरिबीतच होतं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात आता शेतकऱ्यालाही स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, पण ती करून देणारा वकील आपल्याकडं शोधून सापडत नाही. आणि बीटी कपाशीच्या पेटंटचा वाद, मोन्सँटो विरुद्ध नुझिवीडू, दिल्ली हायकोर्टानं २०१८ ला पेटंट रद्द ठरवलं, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ ला तो निकाल बाजूला सारून केस परत पाठवली. ज्या बियाण्यावर आपलं सगळं गणित उभं आहे त्याची भांडणं दिल्लीत चालली, आणि आपण इथं पाकीट फोडून पेरत होतो. बीएस्सी वालीनं बियाणं कंपनीच्या लीगलमध्ये घुसायचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे, जालना-हैदराबाद काही फार लांब नाही, आणि शेतीतलं कळणारा वकील त्यांनाही पाहिजेच असतो.

सायबरचं काम मात्र आपणहून दारात येतं. सध्या सगळ्यात जास्त लोक येतात ते खातं फ्रीज झालं म्हणून. कापूस विकल्याचे पैसे ऑनलाइन आले, त्यातला कोणता तरी पैसा वर कुठं फ्रॉडमधून फिरत आलेला, आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर खातं बंद. माणूस रडकुंडीला येतो, ऐन पेरणीत बियाण्याला पैसे नाहीत. पोलिसांशी पत्रव्यवहार, मग मॅजिस्ट्रेटकडं अर्ज, हे सगळं आपण करू शकतो आणि पक्षकार फी पण लगेच देतो कारण पैसा अडकलेला असतो. कोणी फसला असेल तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, वकील नंतर, हे मी फी न घेता सांगतो. दुसरी गोष्ट पुरावा. लोक व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतात आणि टेबलावर आपटतात, हा घ्या पुरावा! जुलै २०२४ पासून नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा, लिहावी लागते. हे नीट करून देणारा वकील तालुक्यात एखादाच, म्हणून जो शिकला त्याच्याकडं बाकीचे वकीलही येतात. यात बीए-बीएस्सी कोणी विचारत नाही.

राहिली कंपनी. सॉफ्टवेअरचे करार तपासायचे, एनडीए म्हणजे गुप्ततेचे करार, सर्व्हिसचे अ‍ॅग्रीमेंट, आणि आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला आले आणि दंड २५० कोटींपर्यंत आहे, म्हणून कंपन्यांना माणसं लागतात. पगार पहिल्या महिन्यापासून. पण इंग्रजी चांगलं पाहिजे, आणि नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या आयटी कंपन्या असल्या तरी लीगलची टीम बहुतेक पुण्या-बंगलोरलाच बसते. अन् एक लक्षात ठेवा, फुल टाइम पगारी नोकरी धरली की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सस्पेंड करावी लागते. घरच्यांना पोरगी जज व्हायला पाहिजे असेल तर सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये त्यासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली आहे, सनद सस्पेंड ठेवून कंपनीत काढलेली वर्षं त्यात धरत नाहीत.

मग कोणतं? मी दोघींना एकच विचारलं, घर किती दिवस थांबू शकतं? भावाकडं ओलिताची आठ एकर आहे, तो दोन वर्षं पोरीला पैसे पाठवू शकतो, तिनं पेटंट एजंटची परीक्षा आणि शहर धरावं, ती नाही झाली तर बियाणं कंपनी. उद्याच पगार पाहिजे असता तर मी तिला कंपनीत जा म्हटलं असतं, पेटंटचं नावही काढलं नसतं. मैत्रिणीच्या घरी आई एकटी, गाव सोडणं होत नाही, तिच्यासाठी सायबर आणि ट्रेडमार्क सोबत, कारण सायबरचा पैसा लवकर येतो आणि ट्रेडमार्कचा हळूहळू जमतो. नुसत्या ट्रेडमार्कवर पहिली दोन वर्षं मी स्वतः उपाशी मेलो असतो, मोटर अपघाताच्या केसेसनं तारलं.

मैत्रीण म्हणे, मग काका सोमवारपासून तुमच्याकडंच बसते, किती देता? मी म्हटलं पाच. तिनं मोबाईल काढला आणि दाखवलं, बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ च्या पत्रात खेड्यातल्या ज्युनियरला १५ हजार सुचवले आहेत. मी म्हटलं ते सुचवलेत, सांगितले नाहीत. ती काही हटेना. आठवर जमलं, वरून पेट्रोल.