ऑफिसचे जुने कॉम्प्युटर: काही अपग्रेड केले, काही बदलले, काही महिन्यांनंतर काय वाटतं

ज्यांना लांबलचक वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. मशीन नुसतं स्लो झालं असेल आणि त्यावर एकच ठरलेलं काम होत असेल, तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, भागेल. पण त्याच मशीनवर ईमेल, इंटरनेट आणि बँकेचे व्यवहार होत असतील आणि ते विंडोज ११ घेणारं नसेल, तर त्यात पैसे घालू नका. सरळ बदला.

आमच्याकडची मशीन्स सगळी एकाच वयाची: चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम, हार्ड डिस्क आणि विंडोज १०. एक बिलिंगला, एक अकाउंट्सला, एक स्टॉकच्या नोंदींना. शिवाय कोपऱ्यात एक, ज्याच्यावर सगळ्यांचा डेटा शेअर केलेला आहे. आम्ही त्याला कौतुकाने सर्व्हर म्हणतो, पण तोही साधा डेस्कटॉपच.

तक्रार नेहमीचीच होती, सकाळी चालू केलं की पहिलं बिल निघेपर्यंत चहा होतो. विंडोजमधला टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवणारा स्क्रीन) उघडून पाहिला तर प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकलेली. हार्ड डिस्कचं हेड जागा शोधत फिरतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क इकडेतिकडे विखुरलेला डेटा सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच वाचू शकते, तर साधी एसएसडी तेच हजारो वेळा करते. म्हणजे प्रोसेसर म्हातारा असला तरी दमलेला नव्हता. दुकानदार 'आता हे मशीन जुनं झालं' एवढंच सांगतात, त्यामुळे खरेदीला निघण्याआधी हा एक स्क्रीन बघाच.

बिलिंग आणि स्टॉकच्या मशीनला एसएसडी टाकल्या, जुनी डिस्क क्लोन केली (म्हणजे जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली), रॅम ४ वरून ८ जीबी केली. फरक पहिल्याच दिवशी कळला आणि आजही तसाच आहे. डेस्कटॉप दिसला की लगेच काम सुरू करता येतं. एका मशीनमध्ये हौसेने १६ जीबी करून पाहिली. बिलिंगमध्ये तसूभरही फरक नाही. त्यातून डीडीआर-थ्रीच्या स्टिक आता बहुतेक सेकंडहँडच मिळतात, तेव्हा आठवर थांबा.

तरीही महिनाअखेरचा लेजर (खातेवहीचा) रिपोर्ट रडतखडतच निघायचा. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डेटा कोपऱ्यातल्या त्या 'सर्व्हर'च्या हार्ड डिस्कवर, आणि सगळी मशीन्स जोडणारा नेटवर्क स्विच १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी. एसएसडी त्या मशीनला टाकली, स्विच गिगाबिटचा (दहापट वेगाचा) आणला, तरी एका टेबलावर कनेक्शन १०० वरच अडलेलं. कनेक्टर काढून पाहिला तर केबलच्या आठ तारांपैकी चारच कनेक्टरमध्ये दाबून बसवलेल्या! शंभरला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. कनेक्टर नव्याने मारला आणि रिपोर्ट सुटला. या सगळ्यात सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच.

अकाउंट्सचं मशीन मात्र बदललं. कारण वेग नाही, तारीख. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चौथी जनरेशन दारातच अडते. ही अट चुकवून इन्स्टॉल करायच्या युक्त्या भरपूर आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरच्या मशीनवर करा खुशाल, बँकेचा पासवर्ड टाइप होतो तिथे नको. व्यवसायांना पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं सुरक्षा अपडेट घेता येतात, पण त्याचा दर दरवर्षी दुप्पट होत जातो. एखाद्या वर्षाची सवड म्हणून ठीक, कायमचा उपाय म्हणून नाही.

नवं मशीन शांत आहे, एनव्हीएमई ड्राइव्हचं (आणखी वेगवान एसएसडीचं) आहे, कागदावर कितीतरी वेगवान आहे. रोजच्या कामात मात्र एसएसडी टाकलेल्या जुन्या मशीनपेक्षा थोडंच चपळ वाटतं. खरा ताप ते बसवण्यात झाला. जुनी ईमेल फाइल हलवा, अकाउंटिंगचं लायसन्स जुन्या मशीनवरून सोडवून नव्यावर चढवा, प्रिंटर पुन्हा जोडा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टचा आणि नव्या मशीनला ते पोर्टच नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला. विंडोजमधून प्रिंट व्यवस्थित येते. ज्यांचं सॉफ्टवेअर थेट एलपीटी-वनला (म्हणजे त्या पॅरलल पोर्टलाच) प्रिंट पाठवतं, त्यांनी मात्र मशीन घेण्याआधी हे तपासून घ्यावं.

आणि डॉसच्या काळातला १६-बिट प्रोग्राम अजून पोसत असाल तर आणखी एक गोष्ट. असे प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. आमचे जुन्या वर्षांचे हिशेब अशाच एका प्रोग्राममध्ये आहेत. ३२-बिट विंडोजचं एक खोकं त्यासाठी ठेवलंय, नेटवर्कची केबल काढून. वर्षातून क्वचित उघडतो, पण तपासणीच्या वेळी लागतंच.

अपग्रेडने वय कमी होत नाही, हेही या महिन्यांत दिसलं. स्टॉकच्या मशीनचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) मध्येच गेला, आतले कपॅसिटर फुगलेले होते. कॅबिनेट असेंबल्ड आणि साध्या मापाचं, म्हणून त्याच दिवशी दुसरा बसला. ब्रँडेड स्लिम डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा एसएमपीएसचा आकार आणि कनेक्टर त्या कंपनीचाच असतो, तिथे हाच बिघाड आठवडाभर काम अडवू शकतो. तुमचं मशीन तसं असेल तर अपग्रेडवर खर्च करण्याआधी दोनदा विचार करा. बॅकअप तर रोजचा हवाच, कारण हार्ड डिस्क जायच्या आधी निदान अनेकदा कुरकुरते. एसएसडी बऱ्याचदा न सांगताच जाते.

पुढचा नंबर त्या कोपऱ्यातल्या मशीनचा. त्याच्यावर कोणी ईमेल उघडत नाही, पण सगळ्यांचा डेटा त्याच्यावर आहे आणि ते अजून विंडोज १० वर आहे. तिथे बहुधा आठव्या जनरेशनचं रिफर्बिश्ड (वापरलेलं, दुरुस्त करून विकलेलं) मशीन घेईन, विंडोज ११ घेणारं, आणि एसएसडी मात्र नवीच टाकेन.